पेन्सिलीने लिहिलेली चार पानं

"मी बाहेर थांबतो," म्हणत एमिल स्त्राका उठला, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन सिगारेट पेटवली. तसा नियमच होता. सक्तीच्या लष्करभरतीच्या बोर्डाच्या मेंबराच्या नात्यातल्या पोराची फाइल निघाली की त्या मेंबराने खोलीत बसायचं नाही. आणि आत होती एमिलच्या पुतण्याची, डेलची फाइल. सिगारेट अर्धीसुद्धा झाली नसेल, आतून टेबलावर टकटक झाली. एमिल आत आला तेव्हा डेलला सूट मिळालेली होती. का, तर धान्याच्या कोठारावर डेल नसेल तर तालुक्याची शेती बसेल म्हणे. कोठार कोणाचं? एमिलचंच.

"चला, आता आठ पुरे कर, आल्बीना. सातला आपला पत्त्यांचा डाव आहे," एमिल कारकून बाईला म्हणाला.

त्या महिन्याची मागणी आठ पोरांची होती. डेल गळला म्हणजे सात राहिले, म्हणून यादीतला नववा वर सरकला. लॅडी कुचेरा, वय बावीस. त्याच्या फाइलवर आल्बीनाने स्वतः चिठ्ठी टाचली होती, 'कृपया आतलं पत्र वाचा.' रूडी पेशेक औषधवाला आणि डॉक्टर वाव्रा दातवाला, बोर्डाच्या या बाकीच्या दोन मेंबरांनी त्या चिठ्ठीशेजारीच सह्या ठोकल्या. एमिलने तिसरी केली. लॅडी कुचेरा व्हिएतनामला.

आता यात आल्बीना झेलेंकाचा काय दोष, असं कोणीही म्हणेल. पण पद्धत तिचीच होती ना. एकोणीस वर्षं ती त्या कचेरीत कारकून. गठ्ठे बांधायची युक्ती तिची: पांढरी दोरी म्हणजे घ्या, निळी म्हणजे सोडा. वर एक कागद, त्यावर तीन सह्या, दोरी सोडायचीसुद्धा गरज नाही. एकसष्ट फायली पंचेचाळीस मिनिटांत. राजधानीतून खास प्रशस्तिपत्र आलं होतं, राज्यातलं सगळ्यात चोख बोर्ड म्हणून. ते फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, आणि रोज सकाळी ती आपल्या रुमालाने त्याची काच पुसायची.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, म्हातारा फ्रँक कुचेरा जिना चढून आला. लॅडीचा बाप. झटका येऊन गेल्यापासून त्याची उजवी बाजू लुळी, त्यामुळे प्रत्येक पायरीवर थांबत आला. डाव्या हातात फडक्याने झाकलेली ताटली, तिच्यात कोलाची, खसखस भरलेल्या गोड रोट्या, सकाळीच भाजलेल्या, अजून गरम.

"रोझनं पाठवल्यात," तो म्हणाला. रोझ म्हणजे त्याची बायको, लॅडीची आई. निकाल त्याला कळलाच नव्हता, आठ पोरांना बोलावण्याची पत्रं अजून आल्बीनाच्या टेबलावरच होती. तो म्हणाला, "निकाल सांगू नकोस, पोरी, तुझी नोकरी जाईल. मी विचारायला नाही आलो. रोझ तीन रात्री लिहीत होती ते पत्र. तिला इंग्रजी धड येत नाही, खोडत खोडत लिहिलं बिचारीनं. एवढंच सांग, वाचलं ना त्यांनी? चारही पानं?"

आल्बीना म्हणाली, "हो. वाचलं."

"मग झालं," फ्रँक म्हणाला. "वाचून जे ठरवतील ते ठरवतील. ती शेजारचीच माणसं आहेत."

आणि जिना उतरून गेला, एक एक पायरी.

बघा, आल्बीना रागावणारी बाई नव्हतीच. नवरा गेला तेव्हासुद्धा तिने सोमवारी कचेरी उघडली होती. पण त्या दिवशी तिने ताटलीकडे पाहिलं, भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं, आणि तिचे कान लाल झाले. आठही पत्रं तिने पर्समध्ये घातली, पर्सची कडी लावली आणि घरी गेली. पोस्टात काही टाकलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी राजधानीतून एमिलला फोन आला, तुमची पत्रं कुठायत. एमिलने तिला झापलं. वेड लागलंय का, वय झालं का, तुझ्या जागी दुसरी आणू का. ती म्हणाली, आणा, आणि कुठली फाइल कुठे आहे ते तिला तुम्हीच दाखवा. त्या चार कपाटांतलं एमिलला काय ठाऊक? पत्र निघेपर्यंत फाइल पुन्हा उघडता येते, तिने नियम वाचून दाखवला. मंगळवारी सहाला तिघं या.

आले. फुरंगटून आले, पण आले.

आल्बीनाने पहिली फाइल उघडली. "डेल स्त्राका. एमिल, तुम्ही बाहेर."

एमिल सिगारेट काढत बाहेर गेला. तिने सूट मागणारा कागद वाचला. दीड ओळ होती. 'डेलची कोठारावर गरज आहे.' खाली काकाची सही. मग तिने लॅडीची फाइल उघडली आणि रोझची चार पानं वाचली, सावकाश, खोडलेले शब्दसुद्धा. सोळा गायी, पहाटे चार आणि संध्याकाळी चार. फ्रँकला एका हाताने सड धरता येत नाहीत. त्याला आंघोळीला उचलून कोण नेणार, मी नव्वद पौंडांची बाई. रूडी खाली बघत होता. डॉक्टर वाव्राने चष्मा काढला. दाराच्या काचेतून दिसत होतं, एमिलने दुसरी पेटवली, मग तिसरी.

"तो डेल दर शनिवारी माझ्या दुकानापुढे गाडी उडवत असतो," रूडी म्हणाला. "कोठार बुडालेलं तर काही दिसलं नाही."

दोघांनी सह्या केल्या. डेलची सूट रद्द, लॅडीला सूट. टकटक झाली. एमिल आत आला, कागद बघितला, पांढरा पडला आणि मग लालबुंद झाला.

"तुला हे महागात पडेल, आल्बीना."

"पडू दे."

"झालं ना तुझं समाधान? चला रे, सातचा डाव आहे."

"बसा."

ती उठून मागच्या कपाटाशी गेली. सगळ्यात खालचा खण, बंद फायलींचा. त्यातून तिने एक काढली. पांढरी दोरी, तिच्याच हातची, तिचीच सुबक गाठ. दोन वर्षांत कोणी सोडलेली नव्हती. वर नाव, रिची डोलेझल.

"हा तर लढाईत गेला," डॉक्टर वाव्रा हळूच म्हणाला. "चर्चमध्ये आपणच होतो की, शवपेटीला खांदा द्यायला. आता याचं काय करायचं?"

"काही नाही," आल्बीना म्हणाली. "याच्या आईचं पण पत्र आहे. मीसुद्धा वाचलेलं नाही."

गाठ घट्ट बसली होती. तिने नखाने ती सोडवली, घाई न करता. समोरच्या घड्याळात सातला पाच कमी होते. खुर्चीत बसून तिने पहिलं पान सरळ केलं आणि तारखेपासून वाचायला सुरुवात केली.