सरांची ढब

"मांडी घालून बसवतात, आणि गुडघे कोणाचे? ह्यांच्या बापाचे?" शिष्यमंडळाचा कॅशियर माझ्या नवऱ्याच्या कानाला तोंड लावून कुरकुरत होता. "म्हणे, सरांच्या काळात खुर्च्या नव्हत्या. अरे, सरांच्या काळात मला गुडघे होते!"

नवऱ्याची पाठ ताठ, नजर समोर. कॅशियरने एकदा कोपर ढोसलं, मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, हा अजून तस्साच. सरांपुढे बसल्यासारखा. कुरकुर म्हणून ऐकून घ्यायची नाही."

"त्या कानाने घेता येत नाही त्यांना," मी म्हटलं. "तुम्ही डावीकडे बसलात."

"हां, हां," कॅशियर म्हणाला आणि घाईघाईने स्टेजवरच्या फोटोकडे बघायला लागला.

फोटोही बघण्यासारखाच होता. दाराएवढा. कराटेच्या पांढऱ्या पोशाखात सर, हाताची घडी, चेहऱ्यावर 'तू उशिरा आलास' असा भाव. सर गेल्यापासून दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला शिष्य या हॉलमध्ये जमतात. पोटं सुटलेले, केस गेलेले, कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार. जमले की एकमेकांना विचारतात, "तुला कितीदा पडली होती?" ज्याला जास्त पडली तो पुढे बसतो. नोकरीतल्या बढत्यासुद्धा कोणी इतक्या अभिमानाने सांगत नाही.

या हिशेबाने माझा नवरा सगळ्यात पुढे. त्याला एकदाच पडली, पण अशी की बाकीच्यांच्या सगळ्या मिळून तिच्यापुढे फिक्या.

गोष्ट तो दर वर्षी स्वतःच सांगतो. विशीतला होता. सराव चालू असताना कोणीतरी विनोद केला आणि याला हसू आलं. सरांनी कानाखाली एक ठेवून दिली. इथे तो थांबतो, माइक तोंडाजवळ नेतो आणि म्हणतो, "सरांनी एकदाच घंटा वाजवली. ती अजून वाजते आहे." हॉल खो खो हसतो. टाळ्या पडतात.

त्यांना तो विनोद वाटतो. घंटा खरंच वाजते. मी त्या माणसाशेजारी झोपते, मला माहीत आहे. लेक तान्ही होती तेव्हा तो रात्रभर एकाच कुशीवर झोपायचा, चांगला कान वर ठेवून. ती रडली आणि आपल्याला कळलंच नाही तर? माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची सोयच नाही आमच्या घरात. आलं ते आतच राहतं.

बाहेर तो सांगतो, कान लेथ मशीनच्या आवाजाने गेला. कारखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "मशीन काय फक्त डावीकडेच आवाज करतं का हो?" हा हसला. हसण्यावारी न्यायला तिथेच शिकलाय तो, सरांकडे.

पण मला खरं खुपतं ते पोरांचं.

ऐकताना माझा नवरा मान जराशी डावीकडे वळवतो, उजवा कान पुढे येईल अशी. दुसरं काय करणार? सर थकल्यावर नवीन पोरांना हाच शिकवायचा. पोरांनी बघितलं, सगळ्यात जुना शिष्य सलामीच्या वेळी मान अशी ठेवतो. त्यांनीही ठेवली. त्यांचं बघून पुढच्यांनी. आता अख्खा क्लास मान वाकडी करून उभा राहतो आणि त्याला म्हणतात 'सरांची ढब'. शिष्यमंडळाच्या सेक्रेटरीने पुस्तिकेत छापलंय, 'शत्रूला तिरक्या नजरेने जोखण्याची सरांची खास पद्धत.' क्लासचे ड्रेस मी शिवते. मोठ्या पोरांचे गळे एकाच बाजूला ओढले गेलेले असतात. दुरुस्तीला आले की मी ते उसवते, सरळ करते, आणि मनातल्या मनात ज्या शिव्या देते त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

माझी लेकसुद्धा तशीच उभी राहते. दोन्ही कान धडधाकट असलेली माझी लेक.

आज तिला काळा पट्टा मिळायचा होता. सकाळी तिच्या ड्रेसला इस्त्री करत होते, तर नवरा दारात येऊन घुटमळला. कपाट उघडलं, बंद केलं. मी म्हटलं, "बोला."

"सेक्रेटरीची एक कल्पना आहे," तो म्हणाला. "या वर्षीपासून काळा पट्टा देताना 'सरांची थाप' द्यायची. डाव्या कानावर. आठवण म्हणून. सगळ्यात जुन्या शिष्याच्या हातून."

इस्त्री तशीच राहिली. वास आल्यावर उचलली.

"सगळ्यात जुना शिष्य कोण?"

"अगं, नुसता हात लावायचा."

"आणि पहिला पट्टा कोणाला?"

त्याने न ऐकल्यासारखं पुन्हा कपाट उघडलं. उजव्या बाजूने विचारलं होतं मी.

"आज तुम्ही हात लावाल," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी कॅशियर लावेल. त्याच्या पुढे कोणीतरी असा येईल, ज्याला वाटेल नुसता लावण्यात काय मजा. मग ज्याला पडेल ते पोर पन्नाशीत माइक घेऊन घंटेची गोष्ट सांगेल. तुम्ही होकार दिलात?"

"सगळे बसले होते तिथे. काय सांगू? सर होते म्हणून मी माणसात आलो. बाप दारू पिऊन पडायचा तेव्हा हॉलच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या त्यांनी. तुला नाही कळायचं."

"मला कळतं," मी म्हटलं. "किल्ल्या दिल्या, ते त्यांचे उपकार. कान घेतला, तेही उपकारातच धरायचं का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बूट घालायला गेला. लेक आतल्या खोलीत केस बांधत होती. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. तिला दोन्हीकडून ऐकू येतं.

हॉलमध्ये भाषणं संपता संपेनात. सरांच्या पत्नी माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांना सगळे काकू म्हणतात. स्वभाव लोण्यासारखा, आवाज त्याहून मऊ. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यावर फार जीव गं ह्यांचा. मला बजावून ठेवलं होतं, त्याच्याशी बोलायचं तर उजवीकडून बोल. स्वतःसुद्धा नेहमी त्याच्या उजवीकडेच उभे राहायचे. किती काळजी, बघ."

मी हात काढून घेतला. उद्धटपणा झाला, होऊ दे.

म्हणजे माहीत होतं. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आले होते की त्या माणसाला बिचाऱ्याला कल्पनाच नसेल. रागाच्या भरात हात उठला, विसरूनही गेला असेल. विसरला नव्हता. रोज जागा बदलून उभा राहत होता. उजवीकडून शाबासकी देत होता, उजवीकडून किल्ल्या देत होता, आणि त्या उजव्या कानात 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द टाकायला त्याची जीभ रेटली नाही. विटा फोडायचा म्हणे एका फटक्यात!

"काकू," मी म्हटलं, "त्यांना माहीत होतं, तर ते बोलले का नाहीत?"

काकूंचा चेहरा हळूहळू उतरला. "ह्यांना कोण विचारणार गं," त्या म्हणाल्या. "मी नाही विचारलं." आणि आपल्याच डाव्या गालावरून त्यांनी बोटं फिरवली.

तेवढ्यात सेक्रेटरीने लेकीचं नाव पुकारलं.

ती स्टेजवर गेली. पट्टा बांधला गेला. ती वळली आणि सवयीने मान वाकडी करून उभी राहिली, तंतोतंत बापासारखी. समोर बापही तसाच. आरशासमोर आरसा ठेवावा तसे दोघं. मागे तो दाराएवढा फोटो, त्याची मान मात्र सरळ.

"आता सरांची थाप!" सेक्रेटरी माइकवर ओरडला. "डावा कान पुढे, बेटा! नशीबवान आहेस. आम्हाला सरांचा हात लागला, तुला त्यांच्या हाताचा हात लागतोय!"

मोबाइल वर झाले. लेकीने मान फिरवली आणि डावा कान पुढे केला. डोळे मिटले. खांदे वर आले होते तिचे. मार खाणाऱ्या लेकराचे येतात तसे. नुसता हात लावायचाय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी उठून उभी राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "बसा ना हो ताई, दिसत नाहीये." नाही बसले.

नवऱ्याने हात उचलला. तो हात तसाच राहिला, तिच्या कानापासून वीतभर. तो तिच्या खांद्यांकडे बघत होता.

"अरे, लाव की!" सेक्रेटरी त्याच्या डाव्या बाजूने कुजबुजला. "लोक थांबलेत!"

ते भिंतीला सांगितल्यासारखं गेलं.

नवऱ्याने हात खाली घेतला. पुढे झुकला आणि लेकीच्या डाव्या कानात काहीतरी बोलला. अगदी हळू. पण सेक्रेटरीचा माइक जवळ होता, म्हणून हॉलभर ऐकू आलं.

"ऐकू येतंय?"

लेकीने डोळे उघडले. "हो, बाबा."

तो सरळ झाला. माणूस इतक्या वर्षांनी मान सरळ करतो तेव्हा त्याची उंची वाढल्यासारखी वाटते. सेक्रेटरीच्या हातातला माइक त्याने काढून घेतला. हॉल हसण्याच्या तयारीत होता. घंटेचीच गोष्ट येणार, सगळ्यांना पाठ होती. कॅशियर तर अर्धा हसलाही.

"मला या कानाने ऐकू येत नाही," नवरा म्हणाला. "सरांनी माझा कान फोडला. तुम्ही सगळे तिथेच होतात."