बंद चकतीच्या चाकातली फुंकर

“आधी कान लाव, मग हात.” लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्याने सायकलचं काम शिकवताना तिला सांगितलं होतं. त्याला जाऊन चार वर्षं झाली. तिचे हात काम करत राहिले, बाकी सगळं बधिर झालं. कुणी हसलं तर तिला दिसायचं, आत पोचायचं नाही.

म्हणून शर्यतीच्या मैदानात दोनशे माणसं एकदम “अहाहा” करून हरखली, तेव्हाही दुरुस्तीवाली हत्यारांच्या पेटीवर नुसती बसून होती.

हरखण्यासारखं होतं म्हणा. शर्यत सुटायला थोडाच वेळ राहिला होता आणि एका स्पर्धक मुलीच्या सायकलचं मागचं चाक हवा जाऊन बसलं. चाक कसलं, ताटच ते. आरे नाहीत, दोन्ही बाजूंनी सपाट बंद चकती, आणि हवा भरायच्या तोंडाशी दोन बोटांची खाच. आयोजकांच्या पंपाचं लांब नाक त्या खाचेत काही केल्या शिरेना. दुरुस्तीवाली पेटी उघडणार, तोच उद्घाटनाला बोलावलेले फुंकरबाबा पुढे झाले. अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, आवाजात पाक.

“पंप हरला ना, बाळांनो? आता प्राण बोलेल. फिर चाका, फिर रे चाका, गेल्या वाऱ्या, मारतो हाका.”

शिष्याने चाक गरगरा फिरवलं. ते थांबल्यावर बाबांनी खाचेवर मूठ ठेवली, गाल फुगवले, फुंकर मारली. फुस्स झालं, आणि टायर दगडासारखा टणक.

गर्दी पायांवर लोटली. त्यात दुरुस्तीवालीची धाकटी जाऊ सगळ्यांत पुढे. तिच्या नवऱ्याला दमा होता, त्याच्या मोठ्या भावाला, म्हणजे दुरुस्तीवालीच्या नवऱ्याला होता तसाच. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“जो रबरात प्राण भरतो, त्याला माणूस जड का? आजपासून औषध बंद. औषध आणि श्रद्धा एका घरात नांदत नाहीत.”

जाऊ धावत पेटीपाशी आली. “जाऊबाई, काय गार हात हो त्यांचा. बर्फ जसा. अंगावर काटा आला माझ्या. ह्यांचं औषध घरी गेल्या गेल्या कचऱ्यात.”

“एवढ्या उन्हात हात गार?”

“तेच तर म्हणते मी.”

दुरुस्तीवाली उठली. तिला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. पेटीतून काहीतरी मुठीत घेऊन ती चाकाशी गेली आणि हवेच्या तोंडाची पिन नखाने दाबली. सूं करत सगळी हवा गेली.

“अहो बाई, प्राण सोडताय तुम्ही,” कुणीतरी ओरडलं.

“भरून देते.” तिने खाचेवर मूठ ठेवली. गाल फुगवायच्या जागी तिने एक लांब जांभई दिली. फुस्स झालं. टायर टणक.

एक आजोबा हात जोडून पुढे आले. “बाई, तुमच्यातही अंश आहे.”

“अंश नाही हो आजोबा, नळकांडं आहे.” तिने मूठ उघडली. अंगठ्याएवढी लोखंडी कुपी, वर वाकडं तोंड, अंगावर पांढरं दव. तळहातही पांढरा पडलेला. “वाकडं असलं की खाचेत बसतं. आत दाबून भरलेला वायू असतो. तो सुटला की कुपी गोठते. शर्यतवाले ती कापडात धरतात. बाबांना ते ठाऊक नसावं.”

“आणि भोक कसं बुजलं?” स्पर्धक मुलीने विचारलं.

“टायरमध्ये मीच चीक ओतून ठेवलेला, दुधासारखा. चाक फिरलं की भोकात जाऊन थिजतो. मग तुम्ही मंत्र म्हणा की शिव्या द्या. भोकही टाचणीचं आहे. मघाशी टायर कुणी कुरवाळला, त्याची कॉलर बघा.”

शिष्याचा हात आपसूक कॉलरवर गेला. गर्दीत हशा पिकला.

“मूढांपुढे शक्ती मौन धरते,” म्हणत बाबा वळले. कुणीतरी बाही धरली. आतून कुपी पडली, गडगडत गेली. आजोबांनी ती उचलली आणि नुसतं म्हणाले, “गारच आहे अजून.”

शर्यत सुटली. जाऊ मात्र हिरमुसून तिथेच उभी.

“टायरचं खोटं असेल, जाऊबाई. पण ह्यांच्यासाठी एकदा करून बघायला काय जातं?”

दुरुस्तीवाली पेटीवर बसली. गोठलेली बोटं तिने मांडीवर पसरली.

“माणूस जातो,” ती म्हणाली. “औषध टाकू नकोस. बंद करा म्हणणाऱ्याला आधी विचार, कसं, का, कुणाला बरं केलंत, दाखवा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवस चुकवू नकोस.” मग ती बोटं चोळत म्हणाली, “तुझे मोठे दीर दम्याने गेले, असं मी सगळ्यांना सांगत आले. तेव्हाही असाच एक भेटला होता. त्याचं ऐकून औषध मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सहा दिवस. ते हात पुढे करून मागत होते गं. मी दिलं नाही.”