तुफानीचा चेहरा

माझ्या कॉमिकमधल्या तुफानीच्या चेहऱ्यावरचे पांढरे डाग मी माझ्या भाचीच्या, चिमीच्या चेहऱ्यावरून घेतले. कोडाचे डाग. तिला खिडकीशी बसवून ट्रेसिंग पेपरवर उतरवले.

"आत्या, भुवईखालचा एवढा लहान नाहीये. चिंगूसपणा करू नकोस."

मी तो मोठा केला.

अट तिचीच होती. तुफानी बुडत्या बोटीतून माणसं काढेल, कोसळता पूल तोलून धरेल, पण डागांबद्दल अख्ख्या कॉमिकमध्ये कोणी चकार शब्द काढायचा नाही. मी काढला नाही. डागांभोवती काळी रेघही मारली नाही. कोडाला कड नसते, रंग फक्त तिथे थांबतो.

चिमीने वर्गात सांगून टाकलं, माझ्यासारखी हिरॉइन येतेय. त्या दिवसापासून तिने डाग झाकायचं क्रीम बंद केलं. वहिनी रोज ट्यूब घेऊन दारापर्यंत जायची आणि तशीच परत यायची.

कव्हर मी छापखान्यात उभी राहून छापून घेतलं. आतल्या पानांच्या वेळी मात्र तापाने पडले होते. उठून गेले तेव्हा गठ्ठे बांधून तयार होते. एक प्रत उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तुफानीचा चेहरा एकसारखा गव्हाळ.

रंगाचं काम बघणारे काका हसत आले. "ताई, पार्टी लागू! पोरीच्या तोंडावर चौऱ्याऐंशी ठिकाणी रंग भरायचा राहिला होता. मोजले मी. म्हटलं, आपल्या ताईंचं हसं नको व्हायला. दोन दिवस मान वर केली नाही."

"काका, ते कोडाचे डाग होते."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, मग कुठेतरी लिहायचं तरी."

प्रकाशक म्हणाले, "पाच हजार प्रती आहेत, सकाळी शाळांकडे गाड्या निघतील. पुढच्या आवृत्तीत बघू. आणि खरं सांगू का, पोरगी गोड दिसतेय."

पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेतला तर एक प्रत मला सुधारता आली असती. पण चिमीच्या वर्गातल्या अडतीस मुलींच्या हातात बाकीच्याच पडणार होत्या. मी ती होती तशीच चिमीकडे घेऊन गेले.

चपला काढायच्या आत चिमीने ती हिसकावली. कव्हरवरून बोट फिरवलं. मग आतली पानं भराभर उलटली, आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक करून.

"आत्या, कव्हरवर हिला आहेत."

"हो."

"आत नाहीयेत. कितव्या पानावर बरी झाली? मला सापडत नाहीये."

वहिनी आतल्या दारात थांबली होती.

"छापताना चूक झाली गं," मी म्हणाले.

"चूक कशी असेल? सगळ्याच पानांवर गेलेत." तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "औषध कुठे लिहिलंय, तेवढं दाखव ना."