दोन कळप, एकच लस

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. कल्पना करा, तुम्ही आळे गावाच्या माळावर उभे आहात. समोर सुताच्या जाळीचं कुंपण आहे. मेंढ्या राखणारी माणसं या जाळीला वाघर म्हणतात. काठ्या रोवायच्या, जाळी ताणायची, की मेंढ्यांचं घर तयार. आता तुम्ही त्या जाळीतली एक मेंढी व्हा. एक माणूस तुम्हाला धरायला आत शिरला. तुम्ही काय कराल? पळाल. कुठं? बाकीच्या जिकडं पळतील तिकडं. सगळ्या एका कोपऱ्यात, एकमेकींच्या अंगावर.

एवढं चित्र डोळ्यांपुढं राहू द्या. आता गोष्ट सांगतो.

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. शाळा बंद होत्या. पाचवीतली सृष्टी आजोबांच्या मेंढ्यांमागं माळावर जायची. तिच्या आजोबांचं नाव जानकू, आजीचं तुकाबाई. चुलता मच्छिंद्र नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची गाडी घेऊन जायचा. त्याची बायको रेश्मा, म्हणजे सृष्टीची काकी. घरात सृष्टीचं सगळ्यांत जास्त काकीशी जमायचं.

रेश्माकाकीला बाळ हवं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षी तिला दिवस गेले होते, पण ते बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून ती हसायची, पण हसताना मधेच थांबायची.

त्या पावसाळ्यात गावच्या शाळेत कोरोनाची लस देणार असं कळलं. मच्छिंद्र रोज बाजारातल्या गर्दीत मिसळायचा. त्यानं स्वतः लस घेतली होती. काकीनंही घ्यावी असं त्याला वाटत होतं. काकीचं मन मात्र हो आणि नाही यांच्यामध्ये अडकलं होतं.

जेवताना विषय निघाला तसे आजोबा म्हणाले, "न्हाई. अजिबात न्हाई. दोन सालामागं मेंढ्यास्नी लस टोचली, आठ दिसात तीन गाभण मेंढ्या गाभडल्या. ह्या डोळ्यांनी बघितलं म्या."

गाभडणं म्हणजे पिल्लू पोटातच जाणं. तो शब्द ऐकून काकीचा घास हातातच राहिला.

"आवं, जेवताना काय बोलताय!" तुकाबाईंनी नवऱ्याला दटावलं. मग सुनेला म्हणाल्या, "पर खोटं न्हाई बाई त्ये. आधी मूल हू दे, मग टोच किती टोचायचं त्ये."

काकीनं घास परत ताटात ठेवला. ताट घेऊन उठली.

सृष्टीला तो दिवस आठवत होता, पण अर्धवट. आपल्या मेंढ्यांना लस दिली त्याच दिवशी शेजारच्या हौशीरामबाबांच्या मेंढ्यांनाही दिली होती. डॉक्टर एकच, औषध एकच. मग त्यांच्या मेंढ्यांचं काय झालं?

मुलांनो, हा प्रश्न मोठ्या माणसांपैकी कुणालाच पडला नव्हता. आपल्या घरात दुःख झालं, की शेजारी बघायचं राहून जातं.

दुसऱ्या दिवशी माळावर दोन्ही कळप जवळ आले. हौशीरामबाबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. सृष्टीनं विचारलं, "बाबा, मागं मेंढ्यांना लस दिली तवा तुमच्या किती गाभडल्या?"

"का गं? कलेक्टर झालीस का काय?"

"सांगा की."

"येकबी न्हाई."

"मग आमच्या का गाभडल्या?"

हौशीरामबाबा हसले. "तुज्या आज्याला घाई किती! आळ्यात लगीन व्हतं त्या दिशी. आमी दोघं नवरा-बायको येकेक मेंढी धरतो. सरूबाई खाली बसून तिचं तोंड मांडीवर घेती, मग टोचायची. तुज्या आज्यानं आत शिरून पायाला धरून वढल्या. सगळ्या कोपऱ्यात गेल्या, वाघर पडली, येकीवर येक चढल्या. म्या वरडत व्हतो, जानकू, गाभण हाईत, दमानं घे. पर ऐकतोय कोन!"

सृष्टी घरी आली आणि सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगून मोकळी झाली. आजोबा दाराशी बसून काठी तासत होते. त्यांचा हात थांबला.

"हौशा सांगतोय व्हय? त्याला लई अक्कल."

"पण वाघर पडली व्हती का न्हाई?" तुकाबाईंनी विचारलं.

आजोबांनी काठी बाजूला ठेवली. मग हळू म्हणाले, "पडली व्हती." आणि थोड्या वेळानं, "आता पिल्लं कशानं गेली, कोन सांगावं."

हे वाक्य मला फार आवडतं. जानकूबाबा आधी जे पक्कं धरून बसले होते, ते त्यांनी मोकळं सोडलं. त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या होत्या, सुई आणि चेंगराचेंगरी. त्यांच्या लक्षात एकच राहिली होती. मेंढ्या कशानं गाभडल्या ते सृष्टीलाही ठाऊक नव्हतं. पण लसच कारण, असं आता कुणाला म्हणता येत नव्हतं.

तुकाबाई मात्र इतक्यात ऐकणाऱ्या नव्हत्या. "आसंल. पर बाई म्हंजी काय मेंढी हाय व्हय? मेंढीला सोसलं म्हून बाईला सोसंल?"

काकी सासूला आत्या म्हणायची. ती चुलीपासून वळली. "तेच म्हणते मी, आत्या. मी मेंढी नाय. मग मेंढ्यांवरनं माझं ठरवायचं कशाला? मी डॉक्टरीणबाईंना विचारून येते."

आजोबांना हसू आवरलं नाही. "घे! आता बोल."

काकी आरोग्य केंद्रात गेली, सृष्टी बरोबर. डॉक्टरीणबाईंनी मागच्या वर्षीचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "या लसीनं मूल होण्यात अडचण येते, असं कुठं दिसलेलं नाही. बाळासाठी प्रयत्न करताय म्हणून लस लांबवायची गरज नाही. आता तर गरोदर बायकांनाही देतो आपण. उलट गरोदरपणात कोरोना झाला तर तो जास्त जड जातो. लसीनंतर एखादा दिवस अंग दुखेल, ताप येईल. आला तर गोळी घ्या."

काकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, मग बाळ होईल ना मला?"

"ते मी सांगू शकत नाही, रेश्माताई. लसही ते ठरवत नाही. आणि मागचं बाळ गेलं त्यात तुमची चूक नव्हती."

परतताना काकी रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि रडली. सृष्टी शेजारी बसून राहिली. डोळे पुसून काकी म्हणाली, "बाळ कधी येईल ते माझ्या हातात नाय. पण आलं तर मी धडधाकट पायजे. घेते मी."

लसीच्या दिवशी तुकाबाईही निघाल्या. "चक्कर आली तर धरायला कोन हाय तुला?" असं म्हणत, तोंड फुगवून.

शाळेत ही गर्दी! उन्हात कोण उभं राहणार, म्हणून लोकांनी रांगेत आपापल्या चपला ठेवल्या होत्या आणि स्वतः सावलीत बसले होते. काकीनंही चपला ठेवल्या. तुकाबाई लिंबाखाली पाय पसरून बसल्या. चपला बाजूला काढलेल्या.

काकीचा नंबर आला. ती आत गेली, बाही वर केली, डोळे मिटले नाहीत. अर्धा तास बसून बाहेर आली तेव्हा दंड चोळत हसत होती, आणि या वेळी मधे थांबली नाही.

"दुखलं का गं?" तुकाबाईंनी विचारलं.

"मुंगी चावल्यावानी."

तुकाबाईंनी पसरलेले पाय जवळ ओढले. मग कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "माज्यावानी म्हातारीला देत्यात का? आपलं इचारलं. मला न्हाई घ्यायची." पण नजर होती दारावर.

सृष्टीनं काकीकडं पाहिलं. काकीनं हसू लपवायला तोंडावर पदर धरला. मग सृष्टी उठली, आजीच्या चपला उचलल्या, आणि रांगेत अगदी शेवटी नीट जुळवून ठेवल्या.