अर्धवेळ प्रतिनिधी : अनुपस्थित

बाटल्यांच्या कारखान्यातल्या बैठकीच्या खोलीत एक खुर्ची पिशव्यांना दिलेली होती. कागदोपत्री ती अर्धवेळ कामगारांच्या प्रतिनिधीची. युनियनने मागच्या करारात भांडून मिळवली होती. अर्धवेळवाल्यांचं कुठलंही कलम त्या खुर्चीच्या होकाराशिवाय मंजूर व्हायचं नाही, असं ठरलं होतं. कंपनीने ते उदारपणे मान्य केलं आणि त्यानंतरची प्रत्येक बैठक अर्धवेळवाल्यांच्या ड्यूटीतच ठेवली. ड्यूटीवरच्या माणसाला खुर्चीत बसता येत नाही. न बसलेला माणूस गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे संमती.

प्रतिनिधी होत्या वहिनी. कॅन्टीनमध्ये अर्धा दिवस चहा करायच्या. युनियनचा सेक्रेटरी त्यांचा धाकटा दीर, म्हणून त्या सगळ्या कारखान्याच्याच वहिनी. निवडून आल्या एकमताने, कारण अर्धवेळवाल्यांपैकी त्या खोलीत एरवीही जाणाऱ्या त्या एकट्याच. कारकून दर बैठकीला 'अर्धवेळ प्रतिनिधी : अनुपस्थित' असं लिहायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "वहिनी, मला साखर कमी."

आज विम्याचं कलम होतं. अर्धवेळवाल्यांना पहिल्यांदाच आरोग्य विमा मिळणार होता, आणि वहिनींच्या पित्ताशयात खडे होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "लवकर काढून टाका. पुढची मोठी कळ आली, की मला विचारायलाही वेळ मिळायचा नाही." खर्च ऐकून नवरा म्हणाला होता, "आपल्या घरात खडे निघाले, तेही नेमके बिनकिमतीचे." मग बराच वेळ तो चप्पल शोधत राहिला. ती पायातच होती.

दिराला दोघांनीही सांगितलं नव्हतं. दीर सोन्यासारखा, पण कानावर पडलेलं सगळं भाषणात जायचं. भावाच्या मूळव्याधीवर त्याने एकदा गेटसभा गाजवली होती. तेव्हापासून कारखान्यात कोणी वहिनींच्या नवऱ्याला "बसा" म्हणालं, की चार जण खोकतात.

वहिनी ट्रे घेऊन आत शिरल्या तेव्हा विमा कंपनीचा माणूस सांगत होता, "अडचण काहीच नाही. फक्त आधीपासूनचे आजार पहिली दोन वर्षं वगळायचे."

ट्रेमधले कप वाजले.

"वगळायचे म्हणजे?" दीर उसळला. "माणूस आजारी पडल्यावर विमा नाही, तर काय धडधाकट असताना वापरायचा?"

"चिडू नका," साहेब म्हणाले. साहेबांचा आवाज नेहमी नुकत्याच झोपलेल्या बाळाशेजारी बसल्यासारखा. "हे कलम राहू द्या. बदल्यात कायम कामगारांच्या आईवडिलांनाही विम्यात घेतो."

दीर मनातल्या मनात हिशोब करू लागला. कायम कामगार चारशे होते, आणि त्यांना मिळून आठशे आईवडील. शिवाय अर्धवेळवाल्यांत कोण आजारी आहे? त्याच्या माहितीत कोणी नव्हतं.

वहिनींनी त्याच्यापुढे कप ठेवला आणि वाकून म्हणाल्या, "भाऊजी, जरा बाहेर येता?"

"वहिनी, नंतर. इथे घोडं अगदी वेशीत आलंय."

"तेच म्हणते मी."

"नंतर, वहिनी!"

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्धवेळची घंटा व्हायला अजून थोडा अवकाश होता. दिराने पेनचं टोपण काढलं.

त्यांना वाचवलं ते साहेबांच्या सवयीने. सहीआधी साहेब करार पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत. समोरचा कंटाळून एखादा मुद्दा सोडून देतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी चष्मा चढवला. वहिनींनी बिस्किटांची बशी त्यांच्या हाताशी सरकवली.

साहेब एक कलम वाचत, एक बिस्किट खात. बशी रिकामी झाली की भरत होती. दीर पेन आपटत होता. "साहेब, शेवटाकडे या ना!"

"वाचू द्या हो त्यांना," वहिनी म्हणाल्या. "पाणी घ्या, साहेब. घशात अडकेल."

विम्याचं कलम उघडलं आणि बरगडीखाली कळ उठली. वहिनींनी टेबलाची कड धरली. दुसऱ्या हाताने त्या पुसलेलंच टेबल पुसत राहिल्या. कळ पाठीत गेली. साहेबांनी शेवटचं वाक्य वाचलं, पान दिराकडे फिरवलं. दीर सहीला वाकला.

घंटा झाली.

वहिनींनी अ‍ॅप्रन काढला, खुंटीला अडकवला. खुर्चीवरच्या पिशव्या एकेक करून खाली ठेवल्या, त्यातली साहेबांची जरा जपून. आणि बसल्या.

"वहिनी, बरं वाटत नाही का?" दिराने विचारलं.

"नाही वाटत. म्हणून तर बसले. या कलमाला माझा नकार."

साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही ड्यूटीवर आहात!"

"घंटा झाली, साहेब. अर्धवेळ आहे मी. राहिलेला वेळ माझा."

कारकुनाने लिहिलेलं 'अनुपस्थित' पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि पहिली दोन अक्षरं खोडून तिथे 'उ' लिहिला.

"मला पित्ताशयात खडे आहेत," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं ते थांबतील की नाही, त्यांनाच विचारा."

दिराचं तोंड उघडं राहिलं, आणि त्यातून भाषण आलं नाही. त्याने पेनला टोपण लावलं. "साहेब, जुना करार आज संपतोय. हे कलम असेल तर सही नाही. सही नाही तर उद्या भट्टीवर माणूस नाही."

भट्टी विझली की आतली काच थिजते, आणि मग भट्टी फोडूनच काढावी लागते. हे साहेबांना कोणी वाचून दाखवायची गरज नव्हती. ते फोन घेऊन बाहेर गेले. वहिनी टेबलाखाली मूठ आवळून बसल्या. दिराला ती मूठ दिसत होती.

साहेब परत आले आणि त्यांनी ते वाक्य उभं-आडवं खोडलं.

"विमा कधीपासून लागू?" वहिनींनी विचारलं.

"सह्या झाल्या की," विम्याचा माणूस म्हणाला. "पण आपण बऱ्या आहात ना? डॉक्टर..."

"आधी सह्या."

साहेबांची झाली, दिराची झाली. वहिनींनी आपलं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं, पेन खाली ठेवलं, आणि मगच टेबलावर कपाळ टेकून कळवळल्या.

"गाडी काढा!" दीर ओरडला. त्यांना धरून दारापर्यंत नेताना त्याने विचारलं, "वहिनी, मला का नाही सांगितलंत?"

"आता कळलंय ना," वहिनी दात आवळून म्हणाल्या. "पण गेटवर माझ्या खड्यांचं नाव काढलंत, तर याद राखा."