मोटारीची ओटी

धरण भरलं तेव्हा गावानं नारळ फोडले. वच्छलाबाईनं तेवढं पदरानं डोळे पुसत म्हटलं, "आलं एकदाचं मेलं!" लोकांना वाटलं, म्हातारी पिकापाण्यासाठी रडली. पिकाचं तिला काय? तिला पाणी हवं होतं ते पलीकडं जायला.

पलीकडच्या काठाला तिची धाकटी बहीण होती, मंजुळा. दोघी एकाच गावात दिलेल्या. धरणात गाव गेलं तेव्हा अर्धं या काठाला वसलं, अर्धं त्या काठाला, आणि बहिणींच्या मधे पाणी आलं. आईचा पाटा मंजुळानं उचलला, वरवंटा वच्छलाबाईनं धरून ठेवला. दोघींनाही दोन्ही हवं होतं. मग काय, चटणी दोघींचीही वाटली गेली नाही.

तरी तेव्हा येणंजाणं होतं. वच्छलाबाईचा नवरा तात्याबा मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. सोसायटीच्या मोठ्या होडीला मागं लावायची एक लहान मोटार होती. तिची फडफड ऐकू आली की मंजुळा पलीकडं चहाचं आधण ठेवायची. होडी काठाला लागेस्तोवर चहा उकळलेला असायचा.

मग दुष्काळ पडला. धरण आटत आटत चिखलावर आलं, होडी जमिनीला टेकली, आणि त्याच वैशाखात तात्याबा गेला. मंजुळा गुडघाभर चिखल तुडवत आली ती दुसऱ्या दिवशी. राख सावडायची वेळ झालेली. वच्छलाबाईचं दुःख जिभेवाटंच बाहेर पडायचं. साऱ्या भावकीदेखत ती म्हणाली, "आलीस? चिखलाचे पाय दाखवाया आलीस व्हय? ध्यानात ठेव, तुझ्या दारात मी जन्मात पायी यायची न्हाई!"

मंजुळा पाणी न पिता परत गेली.

त्यानंतर चार वर्षं धरण कोरडं होतं. चिखल वाळला, तडकला, त्यावर गवत उगवलं, शेरडं चरू लागली. माणसं सायकलवर पलीकडं जाऊन लग्नं जमवून आली. पायी गेलं तर तासाभराची वाट. वच्छलाबाई रोज सकाळी सोसायटीच्या शेडपुढं उभी राहायची. पलीकडच्या कुपाटीवर लाल ठिपका दिसला की समजायची, मंजुळानं लुगडं वाळत घातलं. ठिपका दिसला नाही त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. पण शब्द म्हणजे शब्द. पाऊल काही उचललं नाही.

यंदा भाद्रपदात पाऊस असा कोसळला की धरण तुडुंब भरलं आणि सडकेवरचा पूल वाहून गेला. पण बोलावणं आल्याशिवाय वच्छलाबाई कशी जाणार? दिवाळी सरली, गडीमाणसं कोयते घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला गेली. आणि मंजुळाच्या नातवाचा फोन त्रिंबकच्या फोनवर आला. त्रिंबक म्हणजे वच्छलाबाईचा दीर, सोसायटीचा सेक्रेटरी.

"वहिनी, मंजुळाबाईला पणतू झालाय. आज बारसं हाय दुपारी. म्हणत्यात, पाळण्याखालून तुमच्या आईचाच वरवंटा फिरवायचा."

"तिनं सोता म्हटलं?"

"म्हटलं. वरवंटा धाडा म्हनली."

"धाडा म्हनली का घेऊन ये म्हनली?"

त्रिंबकनं मान खाजवली. "धाडा."

"वरवंटा काय टपालानं जातो? मोटार काढ."

मोटार निघाली, पण चालली नाही. मोठी होडी वल्हवायला चार दणकट गडी लागतात, ते उसात. मासे धरणाऱ्या पोरांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून बहिणीच्या दारात जायचं, तर वच्छलाबाईनं आधी जीव दिला असता. शेवटी युसूफ वडगाव या गावाहून धर्मराज मिस्त्रीला बोलावलं. मोटारसायकलीपासून डिझेल इंजिनापर्यंत सगळं उघडणारा माणूस.

धर्मराजनं अर्ध्या कापलेल्या बॅरलात पाणी भरलं, मोटारीचा पंखा त्यात बुडेल अशी ती कडेला आवळली आणि दोरी ओढली. मोटार खाकरली, दोन श्वास चालली आणि मेली. चोक ओढला की पेटायची, सोडला की मरायची.

"प्लग गेला असंल," त्रिंबक म्हणाला.

"त्रिंबकराव, तुमी हिशोब लिहा." धर्मराजनं प्लग काढून ठिणगी पाहिली. निळी, टणक. "जाळ हाय. पेट्रोल पोचंना. कार्बोरेटर तुंबला."

त्यानं कार्बोरेटर सोडवला, खालची वाटी उघडली आणि नाक मुरडलं. वाटीत तपकिरी, चिकट काहीतरी बसलेलं. बोट लावलं तर तार निघाली.

"काय हाय ते?" वच्छलाबाईनं विचारलं.

"पेट्रोल व्हतं कधीकाळी. आता काकवी झाली. भाकरीसंगं खावा." त्यानं पेट्रोल सोडायचा, सुताएवढं भोक असलेला पितळी जेट उजेडाकडं धरला. पलीकडचं काही दिसेना. "कुण्या शहाण्यानं मोटार भरून ठिवली? ठेवायची तर पेट्रोल काढून, सुकवून ठेवत्यात. तात्याबानं शिकवलं न्हाई तुमाला?"

"दादानं रिकामीच ठिवलती," त्रिंबक म्हणाला. "माझ्यादेखत. मंग कुणी कशाला भरली असंल?"

वच्छलाबाई वरवंटा मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. भोक मोकळं करायला तिनं दाभण पुढं केलं.

"मावशे, दाभण नको बरं का द्याया, भोक मोठं व्हईल, मंग नुसता धूर वकती." धर्मराजनं विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार सोलली, हलक्या हातानं जेटमधून ओवली. वाटी, तीत तरंगणारा फुगा, सुई, सगळं ताज्या पेट्रोलनं धुतलं. सायकलच्या पंपानं भोकाभोकात हवा मारली. पण टाकीतूनही गाळ येत होता. तो वैतागला. "सांगा की! किती येळा भरली ते तरी कळू द्या. नळी बी बदलावी लागंल, न्हाई तर मधल्या पाण्यात बंद पडंल. कोण हाय तो भरणारा?"

सूर्य माथ्याकडं सरकला होता. पलीकडं आज लाल ठिपका नव्हता. मांडव दिसत होता.

"चार येळा," वच्छलाबाई म्हणाली. "खंडेनवमीला. दरसाली अर्धा लीटर. मी भरली."

दोघंही तिच्याकडं पाहत राहिले. आयुष्यात चूक कबूल करताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"बगता काय? कोयत्याला, विळ्याला हळदीकुंकू लागतं, ही काय सवतीची व्हती? हिची बी पूजा केली. रिकाम्या पोटाची पूजा कशी करायची? ओटी भरल्याबिगर बाईला उठवत न्हाईत." तिचा आवाज बारीक झाला. "आन् वाटायचं, उद्या पाणी आलं तर मोटार तयार असावी. पेट्रोल आणाया जाईस्तोवर पाणी परत गेलं तर?"

धर्मराज नळी बदलू लागला. नव्या पेट्रोलात तेल मिसळलं. तिसऱ्या ओढीला मोटार पेटली, चोक सोडल्यावर जरा चाचरली आणि मग तशीच फडफडू लागली, जशी तात्याबाच्या हाताखाली फडफडायची. वच्छलाबाईनं पदर तोंडात धरला.

तासाभरानं होडी मधल्या पाण्यावर होती. धर्मराज मोटारीवर, ती पुढं फळीवर, मांडीवर धडप्यात गुंडाळलेला वरवंटा, अंगावर घेतलेल्या लेकरासारखा. इथं कुठंतरी खाली जुनं गाव होतं. इथूनच चार वर्षं माणसं पायी गेली. तिला त्या चार वर्षांचे सगळे दिवस एकदम आठवले, आणि मोटारीची दुरुस्ती काही वर्षं अगोदरच करायला हवी होती असं तिला वाटलं. मोटारीची म्हणजे, जिभेची.

काठ जवळ आला तसा होडीचं बूड घासलं. धर्मराजनं मोटार बंद करून वर उचलली. "गाळ लई हाय, मावशे. पंखा रुतंल. फुडं होडी जात न्हाई."

काठ वीसेक पावलांवर होता. काठावर मंजुळा उभी होती. वाळलेली, वाकलेली, तिच्या हातात पातेलं धरायची सांडशी तशीच.

"आवाज ऐकला," ती ओरडली. "चहा उतू गेला! थांब तिथंच, मी येते. तुला पायी यायचं न्हाई ना?"

ती लुगडं खोचून पाण्यात उतरायलाही लागली.

"गप उभी राह्य तिथं!" वच्छलाबाई गरजली. "चिखलात घसरून पडलीस तर बारसं कोण करंल?"

आणि वरवंटा छातीशी धरून ती होडीच्या काठावरून गुडघाभर गाळात उतरली, आणि चालू लागली.