वुकोताच्या बदल्यात आलेली बस

मी एक बस आहे आणि एका अख्ख्या माणसाच्या बदल्यात मला देऊन टाकलं होतं. थापा मारत नाही; तसा कागद आहे, सहीनिशी.

माझं तारुण्य चुन्याच्या खाणीवर मजुरांची ने-आण करण्यात गेलं. उतारवयात लुकोवो गावच्या बास्केटबॉल संघानं मला आणलं. त्यांच्याकडे दोन बस झाल्या, पण उंच खेळाडू एकही नाही. शेजारच्या झेलेनाकच्या संघाकडे बस नव्हती. उंच खेळाडू होता, पण तो त्यांना नकोसा झाला होता.

त्याचं नाव वुकोता. उंची दोन मीटर सहा सेंटीमीटर. हातात चेंडू आला की ओल्या साबणासारखा निसटायचा.

खानावळीत, प्लमच्या दारूवर सौदा ठरला.

"माणसाबरोबर काय देताय?" लुकोवोच्या कोचनं विचारलं.

"त्याचे बूट," झेलेनाकचे कोच रादिसाव म्हणाले. "आणि बसबरोबर?"

"जादा चाक."

"त्यात हवा आहे का?"

"तुमच्या माणसात आहे का?"

झाली सही.

निघताना वुकोता माझ्याभोवती एक चक्कर मारून आला. "हिचा हीटर चालतो?"

"नाही," झेलेनाकचा कप्तान ओब्राद मान खाली घालून म्हणाला. चार वर्षं ते दोघं एका खोलीत राहिले होते.

"मग सौदा बरोबरीचा आहे," वुकोता म्हणाला आणि त्यानं सगळ्यांना मिठी मारली.

पहिला सामना झेलेनाकनं अकरा गुणांनी जिंकला. येताना पोरं अशी गात होती की माझ्या काचा थरथरल्या. रादिसाव सर म्हणाले, "बघितलंत? एक दात काढला आणि अख्खं तोंड बरं झालं!"

पुढचा सामना ते हरले. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडली. बसल्या बसल्या सगळ्यांनी एकदम मागच्या सीटकडे वळून पाहिलं. पूर्वी प्रवासात वुकोता नेहमी मागे बसायचा म्हणे. सीट रिकामी होती.

मला हळूहळू उलगडा झाला. आधी हरले की "वुकोतानं पास सोडला" असं एकदा म्हणायचे, चीज भरलेलं गरम बुरेक खायचे आणि झोपून जायचे. तोही म्हणायचा, "हो रे, सोडला." आता सोडणाराच गेला होता. मग पास सोडले कोणी?

"तू चेंडू बारा वेळा मारलास आणि टोपलीत दोनदाच गेला," ओब्राद एकाला म्हणाला.

"तू कप्तान ना? मग तू काय मोजत बसला होतास?"

तिसऱ्या पराभवानंतर खिडकीवरून भांडण पेटलं. एकानं ती बोटभर उघडली, दुसरा ओरडला, "वारा लागून माझी मान धरली म्हणून हरलो!" पाचव्या पराभवानंतर प्रत्येक जण वेगळ्या सीटवर बसू लागला, कोणी कोणाला सूर्यफुलाच्या बियाही देईना. एक जण तर उभ्यानंच आला, कारण ज्याच्याशी बोलत नव्हता त्याच्याच शेजारची सीट तेवढी उरली होती.

शेवटी रादिसाव सरांना गुन्हेगार सापडला. "ही बसच पनवती आहे!"

सगळ्यांचे चेहरे उजळले. मला शिव्या देऊन झाल्यावर त्या दिवशी पोरांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा एकत्र बुरेक खाल्लं. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही.

पण मी काही वुकोता नव्हे. "हो रे, माझंच चुकलं" असं मला म्हणता येत नव्हतं. आठवडाभरात पुन्हा सगळे वेगवेगळ्या सीटवर.

हंगामाचा शेवटचा सामना लुकोवोला होता. हरणारा खालच्या गटात जाणार होता. मी दारं उघडी ठेवून हॉलच्या पायऱ्यांशी उभी होते, हॉलचंही दार उघडं असल्यानं आतलं सगळं दिसत होतं.

वुकोता लुकोवोच्या पिवळ्या जर्सीत ओळखू येत नव्हता. खेळ मात्र तोच. शेवटचे चार सेकंद उरले तेव्हा झेलेनाक एका गुणानं मागे होतं. त्यांनी मारलेला चेंडू रिंगवर आपटून उडाला आणि वुकोताच्या हातात आला. ओब्राद सवयीनं ओरडला, "वुकोता, इकडे!"

आणि वुकोतानं सवयीनं पास दिला. सरळ, छातीवर, आयुष्यातला पहिला अचूक पास. ओब्रादनं तो टोपलीत टाकला.

झेलेनाक एका गुणानं जिंकलं. वुकोता आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "गेला की रे बरोबर!"

लुकोवोचा कोच त्याला दंडाला धरून माझ्यापाशी घेऊन आला. "हा घ्या तुमचा माणूस. आमची बस द्या!"

"आणि पोरं घरी कशी जाणार?" रादिसाव सर म्हणाले. "रविवारी गाडी नसते. नाही जमणार."

ओब्रादनं सरांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि माझ्या बॉनेटवर ठेवली. "वुकोता, बॅग घे."

"चालत? एकवीस किलोमीटर?" वुकोतानं विचारलं.

"तुझ्यामुळेच!" मागून कोणीतरी म्हणालं.

"हो रे, माझ्यामुळेच," वुकोता म्हणाला आणि सगळे फिसकन हसले. सरसुद्धा. मग ते एकमेकांना ढकलत वळणाआड गेले.

तेव्हापासून मी लुकोवोच्या हॉलमागे उभी आहे. खालच्या गटात गेलेल्या संघाला एक बस पुरते. आरशामागे चिमण्यांनी घरटं केलंय. तक्रार नाही.

फक्त एक गोष्ट मनाला खाते. त्या रस्त्याला दोन मोठे चढ आहेत, पूल अरुंद आहे आणि पोरांच्या पायात खेळायचे पातळ बूट होते. आजवर माझ्यात बसलेल्या प्रत्येकाला मी दारापर्यंत सोडलंय. तुम्ही झेलेनाककडचे असाल, तर दोन शब्द सांगून जा हो. पोचली का पोरं?